एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांच्या घरात मोशन सेन्सर कसे लावावेत

वयस्कर माणूस घरात पडतं तेव्हा पडण्याइतकाच धोका त्यानंतरच्या वेळेचा असतो. तासाभराहून जास्त वेळ जमिनीवर पडून राहावं लागलं तर अंगातलं पाणी कमी होतं, दबलेले स्नायू खराब होऊन त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो, पाठ-कंबर-टाचांना जखमा होऊ लागतात. हाड मोडलेलं नसतानाही माणूस दवाखान्यात पोचतं ते यामुळे. मोशन सेन्सर पडणं थांबवू शकत नाही, आणि साध्या सेन्सरला पडलेलं कळतही नाही. त्याला एवढंच कळतं की रोज सकाळी सहाला ओट्यापाशी जाणारी आई आज आठ वाजले तरी तिथे फिरकलेली नाही. ते कळल्यावर कुणीतरी दारात किती लवकर पोचतं, त्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. म्हणून या लेखात यंत्रांइतकंच माणसांबद्दल आणि दाराच्या कडीबद्दलही लिहिलं आहे.

ज्यांनी असलं काही कधी बसवलेलं नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणाला एकट्या माणसाचं वन किंवा टू बीएचके घर धरलं आहे. दोघं राहत असतील तर काय करायचं, ते पुढे येईल.

पायरी १: आधी विचारा, मग विकत घ्या

माझी आई मिरजेला एकटी राहते. हा विषय काढल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे मी मोरीत किती वेळ बसले तेही तुला पुण्यात बसून कळणार का गं?" प्रश्न अगदी रास्त होता. मी तिला फोनवर दिसणारं पान दाखवलं. त्यात "पॅसेज, ६:१२, हालचाल" अशा ओळी असतात, फोटो नाही की आवाज नाही. मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. मोरीच्या आत काहीही लावायचं नाही, फक्त दारावर. तेच पान तिच्याही फोनवर दिसेल. आणि तिची एक अट होती: हे बसवलं म्हणून माझा रोजचा फोन बंद व्हायचा नाही.

हे बोलणं टाळून गुपचूप सेन्सर चिकटवणारे लोक असतात. तसं करू नका. चार दिवसांनी त्यांच्या लक्षात येतंच, आणि मग सेन्सर कपाटाच्या मागे पडलेला सापडतो. "तुमच्यावर लक्ष ठेवायचंय" असं म्हणण्यापेक्षा "सकाळी तुम्ही उठलात की मला आपोआप कळेल, मग मी सकाळच्या घाईत फोन करून तुमची पूजा मोडणार नाही" हे त्यांना पटतं, आणि ते खरंही आहे. स्मृतिभ्रंशामुळे त्यांना स्वतः ठरवणं शक्य नसेल तर भावंडं आणि नेहमीचे डॉक्टर यांच्याशी बोलून ठरवा.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. राहत्या घरात, विशेषतः झोपण्याच्या खोलीत, कॅमेरा नको. ज्या कामासाठी आपण हे करतो आहोत त्याला चित्राची गरज नाही.

पायरी २: किल्ली आणि कडी

सेन्सर घेण्याच्या आधी हे करा, कारण हे नसेल तर बाकी सगळं फुकट आहे. दहा मिनिटांत घरी पोचू शकतील अशी दोन माणसं ठरवा: शेजारच्या काकू, खालच्या मजल्यावरचं कुटुंब, जवळ राहणारा भाचा. दोघांकडे किल्ली द्या.

आता दारापाशी जाऊन बघा. आपल्याकडे रात्री नाईट लॅच लावतात, त्यावर वरची कडी, खालची कडी, आणि बाहेर सेफ्टी डोअर असेल तर त्यालाही आतून कडी. अशा वेळी शेजाऱ्यांच्या हातातली किल्ली निरुपयोगी असते. सुताराला बोलावून दार फोडेपर्यंत तास जातो, नेमका तोच तास वाचवायला आपण निघालो आहोत. आई-वडिलांना समजावून, रात्री कड्या न लावता बाहेरून किल्लीने उघडता येणारं कुलूपच लावायची सवय लावा. भीती वाटत असेल तर कडी काढून चांगलं, जास्त खिट्ट्यांचं कुलूप बसवून द्या. मोरी आणि संडासाच्या दारालाही आतली कडी नको. बाहेरून नाण्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून उघडता येणारी खिट्टी मिळते, ती लावा. शक्य असेल तर ते दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं करा. माणूस आत दाराशीच पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

पायरी ३: दिनक्रम लिहून काढा

आठवडाभर वहीत लिहा, किंवा त्यांनाच लिहायला सांगा. किती वाजता उठतात, पहिला चहा कधी, आंघोळीला साधारण किती वेळ लागतो, दूधवाला आणि कामवाल्या मावशी कधी येतात, दुपारी किती ते किती झोपतात, संध्याकाळी देवळात किंवा कट्ट्यावर कधी जातात, रात्री किती वेळा उठतात. उपासाचे दिवस वेगळे असतात का, तेही विचारा. पुढचे सगळे नियम या वहीतून येणार आहेत. नेटवरून कुणाचे तयार आकडे उचलू नका. एक माणूस पहाटे साडेचारला उठतं, दुसरं आठला.

पायरी ४: काय घ्यायचं

सुरुवातीला एवढंच पुरतं: तीन मोशन सेन्सर (झोपायची खोली, मोरीबाहेरचा पॅसेज, स्वयंपाकघर), दोन दाराचे सेन्सर (मुख्य दार, मोरीचं दार), मदतीसाठी दाबायचं एक बटण आणि हे सगळं जोडणारा हब.

साधा मोशन सेन्सर पीआयआर प्रकारचा असतो. तो स्वतः कुठल्याही लहरी सोडत नाही. माणसाच्या अंगाची उष्णता त्याच्या समोरच्या पट्ट्यांतून सरकली की त्याला फरक जाणवतो. म्हणजे स्तब्ध बसलेलं माणूस त्याला दिसत नाही. बॅटरी वाचवण्यासाठी यातले बरेच सेन्सर एकदा हालचाल कळवली की मिनिटभर गप्प राहतात. त्यामुळे "आता माणूस कुठे आहे" हे त्याला नेमकं विचारता येत नाही, पण "शेवटची हालचाल कधी झाली" हे तो चांगलं सांगतो, आणि आपल्याला तेच हवं आहे.

एमएमवेव्ह नावाचे रडारसारखे सेन्सरही मिळतात. त्यांना श्वासाइतकी बारीक हालचालही कळते, म्हणून ते फार आकर्षक वाटतात. पण बहुतेकांना सतत वीज लागते, आणि पंखा फिरत असला की ते "माणूस आहे, माणूस आहे" असं सांगत राहतात. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने पंखा बंद होतच नाही. नवख्यांनी यापासून सुरुवात करू नये.

जोडणीसाठी माझी पसंती झिग्बी नावाच्या, कमी विजेवर चालणाऱ्या बिनतारी पद्धतीला आहे. वायफायवरचे सेन्सर बॅटरी लवकर खातात, आणि ब्रॉडबँडवाला राऊटर बदलून गेला की एकूण एक पुन्हा जोडावा लागतो. झिग्बीचे सेन्सर थेट हबशी बोलतात. घरातल्या पासवर्डशी त्यांचा संबंध नसतो, आणि नाण्याएवढा सीआर २४५० सारखा सेल बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षं चालतो. सोनॉफ, अकारा, आयकिया अशा बऱ्याच कंपन्यांचे सेन्सर या पद्धतीचे आहेत.

परदेशातून येताना सामान घेऊन येणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. झिग्बी जगभर २.४ गिगाहर्ट्झवर चालते, त्यामुळे अमेरिकेत घेतलेला सेन्सर सांगलीतही चालेल. झेड-वेव्ह या दुसऱ्या बिनतारी पद्धतीचं तसं नाही. तिची वारंवारता देशागणिक वेगळी आहे: अमेरिकेत ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास, युरोपात ८६८, भारतात ८६५. तिकडचा झेड-वेव्ह संच इकडच्या संचाशी बोलणार नाही, आणि ती वारंवारता इथे वापरायला मोकळीही नाही.

हब दोन प्रकारे घेता येतो. कंपनीचा तयार हब लावायला सोपा असतो, पण घेण्याआधी एक तपासा: त्याच्या अ‍ॅपमध्ये "अमुक तास हालचाल झाली नाही तर कळव" असा नियम करता येतो का? बरीच अ‍ॅप चोर पकडण्याच्या हिशेबाने बनवलेली असतात, हालचाल झाली की ओरडतात. आपल्याला उलटं हवं आहे. दुसरा मार्ग होम असिस्टंट या मुक्त सॉफ्टवेअरचा. ते रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावर किंवा जुन्या छोट्या संगणकावर चालतं, सगळी माहिती घरातच राहते आणि हवे तसे नियम लिहिता येतात. शिकायला दोन-चार सुट्टीचे दिवस जातील, पण घरात कुणी थोडं जाणकार असेल तर मी हाच मार्ग सुचवेन. झिग्बीचा डाँगल, म्हणजे सेन्सरचे निरोप पकडणारा यूएसबीचा तुकडा, संगणकाला थेट खोचू नका. हातभर यूएसबी एक्स्टेंशन वायर लावून तो दूर ठेवा, नाहीतर संगणकाच्याच रेडिओ-गोंगाटात सेन्सरचा निरोप हरवतो. आणि परदेशात बसून हब तयार करत असाल तर त्याचं घड्याळ भारताच्या वेळेवर ठेवायला विसरू नका.

जुन्या वाड्याच्या दगडी किंवा जाड मातीच्या भिंती असतील तर सिग्नल पोचत नाही. मधल्या खोलीत झिग्बीचा एक स्मार्ट प्लग लावा. विजेवर चालणारं झिग्बी उपकरण दुसऱ्यांचे निरोप पुढे देतं, बॅटरीवरचं देत नाही.

पायरी ५: कुठे लावायचे

उंची साधारण सहा-सात फूट, खोलीच्या कोपऱ्यात. पीआयआर सेन्सरला आडवं जाणारं माणूस चटकन दिसतं, सरळ त्याच्याकडे चालत येणारं उशिरा. म्हणून पॅसेजच्या टोकाला लावून लांबवर रोखण्यापेक्षा बाजूच्या भिंतीवर लावा. झोपायच्या खोलीत सेन्सर पलंगाकडे रोखला तर कूस बदललेलीही मोजली जाईल. "उठून बाहेर आली" हे कळायचं असेल तर तो पलंग आणि दार यांच्यामधल्या जागेवर रोखा.

समोर काय नसावं: ऊन येणारी खिडकी, गॅसची शेगडी, एसीचा झोत, उन्हात हलणारा पडदा. देवघरात समई तेवत असेल तर सेन्सर तिच्या अगदी समोर नको. घरात मांजर असेल तर भिंगाच्या खालच्या भागावर काळी चिकटपट्टी लावून जमिनीजवळचा पट्टा झाका. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे पाल. रात्री दोनला स्वयंपाकघरात हालचाल दिसली आणि आई तर गाढ झोपेत होती, असं झालं तर ट्यूबलाइटजवळ किडे खायला आलेली पाल सेन्सरवरून चालत गेली असण्याची शक्यता खूप. सेन्सर दिव्यापासून लांब लावा.

सेन्सरसोबत येणारी डबल टेप चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर टिकत नाही, कोकणात पावसाळ्यात तर नाहीच. लाकडी चौकटीवर, कपाटाच्या बाजूवर किंवा टाइलवर चिकटवा, नाहीतर भिंतीत रॉवल प्लग ठोकून स्क्रूने बसवा.

स्वयंपाकघराबद्दल थोडं सविस्तर. जपानच्या झोजिरुशी कंपनीने २००१ मध्ये एक विजेची किटली आणली. वयस्कर माणसाने तिच्यातून पाणी घेतलं की त्याची नोंद लांब राहणाऱ्या मुलांना मिळते. कल्पना इतकी साधी की तिच्यासाठी त्या माणसाला वेगळं काही करावंच लागत नाही. आपल्याकडे चहा गॅसवर होतो, त्यामुळे किटली मोजून उपयोग नाही. पण सकाळच्या चहासाठी फ्रिजमधून दूध निघतं. एक जास्तीचा दाराचा सेन्सर फ्रिजच्या दाराला लावा. ओट्यासमोरच्या मोशन सेन्सरपेक्षा ही नोंद जास्त भरवशाची ठरते, कारण फ्रिज पाल उघडत नाही. दिवसभरात फ्रिज किती वेळा उघडला यावरून जेवणखाण चाललंय का, याचाही अंदाज येतो.

बटण मोरीच्या बाहेर, जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा. नेहमीच्या स्विचबोर्डच्या उंचीवर लावलेलं बटण पडलेल्या माणसाच्या हाताला लागत नाही.

सगळं लावून झालं की त्यांनाच घरभर फिरायला सांगा, त्यांच्या नेहमीच्या चालीने, काठी असेल तर काठी घेऊन. तुम्ही तरातरा चालून घेतलेली चाचणी त्यांच्या कामाची नाही.

उन्हाळ्याचं काय

पीआयआर सेन्सर अंगाची आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक बघतो. नागपूर, चंद्रपूर, अकोला भागात मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. अशा वेळी बंद खोलीतल्या भिंतीही जवळजवळ अंगाइतक्याच तापलेल्या असतात, आणि सेन्सरला माणूस दिसेनासं होतं. एरवी सहा-सात मीटरवरून पकडणारा सेन्सर तेव्हा दोन-तीन पावलांवर आल्यावर जागा होतो. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात घर असेल तर सेन्सर वावराच्या जागेच्या जवळ लावा, संवेदनक्षमता बदलता येत असेल तर उन्हाळ्यात वाढवा, आणि दुपारच्या नियमात दाराच्या सेन्सरवर जास्त भरवसा ठेवा. दाराचा सेन्सर चुंबकावर चालतो, त्याला उन्हाची अडचण नाही.

पायरी ६: दोन आठवडे फक्त बघा

लगेच सूचना चालू करू नका. दोन आठवडे नोंदी जमू द्या आणि वहीशी ताडून बघा. कुठला सेन्सर गप्प असतो, कुठला उगाच बोलतो ते या काळात कळतं. आईने "सहाला उठते" असं लिहिलेलं असतं आणि नोंदीत कधी पावणेसहा, कधी रविवारी साडेसात दिसतं. हा फरक माहीत नसताना केलेला नियम पहिल्याच रविवारी शेजाऱ्यांना धावायला लावतो. दोन-तीनदा असं झालं की चौथ्यांदा कुणी उठून जात नाही.

पायरी ७: तीनच नियम

पहिला, सकाळचा. दोन आठवड्यांत सर्वांत उशिरा जी पहिली हालचाल दिसली, त्यात एक तास मिळवा. साडेसात असेल तर साडेआठ. तोवर पॅसेज आणि स्वयंपाकघर दोन्ही गप्प असतील तर सूचना.

दुसरा, मोरीचा. मोरीचं दार बंद झालं आणि त्यानंतर घरात कुठेच हालचाल नाही, दारही उघडलं नाही, असं किती वेळ चालेल? आंघोळीला अर्धा तास लागत असेल तर दिवसा पंचेचाळीस मिनिटं, रात्री पंचवीस. हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. ओल्या फरशीवर घसरणं आहेच, शिवाय बंद मोरीत गॅस गिझर असेल तर कार्बन मोनॉक्साइड साचून माणूस आवाज न करता बेशुद्ध होतं. गॅस गिझर मोरीत असेलच, तर सेन्सरच्या आधी तो बाहेर हलवा.

तिसरा, दिवसाच्या शांततेचा. सकाळी नऊ ते रात्री नऊ, दुपारच्या झोपेची वेळ सोडून, सलग तीन तास घरभर काहीच नाही तर सूचना. यात एक खाच आहे. माणूस बाहेर गेलं असेल तरी घर शांतच असतं. त्यासाठी मुख्य दाराचा सेन्सर लागतो. दार उघडून बंद झालं आणि त्यानंतर आत काहीच हाललं नाही, तर बाहेर गेली असं धरायचं आणि नियम थांबवायचा. दार बंद झाल्यावर आत पुन्हा हालचाल दिसली तर घरातच आहे. बाहेर गेलेलं माणूस रात्री आठपर्यंत परतलं नाही, तर त्याचीही एक सूचना ठेवा.

टीव्हीसमोर तासन्‌तास स्थिर बसायची सवय असेल तर तिसरा नियम उगाच वाजेल. टीव्हीच्या प्लगवरून "टीव्ही चालू आहे, म्हणजे ठीक आहे" असा अपवाद काही जण करतात. मी करत नाही. टीव्ही चालू असतानाच खुर्चीत भोवळ येऊ शकते. त्यापेक्षा सेन्सर त्या खुर्चीच्या बाजूला, हातापायांच्या हालचाली दिसतील इतका जवळ लावा.

स्मृतिभ्रंश असेल तर चौथा नियम घ्या: रात्री अकरा ते पहाटे चार मुख्य दार उघडलं की लगेच, कसलीही वाट न बघता सूचना.

पायरी ८: सूचना कुणाला, आणि पुढे काय

कागदावर लिहून काढा. पहिली सूचना तुम्हाला. तुम्ही आईला फोन करायचा. तिने उचलला तर विषय संपला. पाच मिनिटांत दोनदा लावूनही उचलला नाही तर पहिल्या किल्लीवाल्यांना, त्यांनीही नाही उचलला तर दुसऱ्यांना. ते घरात गेले आणि काही गंभीर दिसलं तर १०८ ला रुग्णवाहिकेसाठी किंवा ११२ ला. काकूंना आधीच सांगून ठेवा की पडलेल्या माणसाला ओढून उठवायचं नाही. कंबर किंवा खुबा दुखत असेल तर तिथेच उशी-पांघरूण देऊन रुग्णवाहिकेची वाट बघायची. ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. ती सल्ला आणि मदतीसाठी आहे, रुग्णवाहिकेसाठी नाही.

परदेशात असाल तर दोन गोष्टींचा विचार करा. १०८ आणि ११२ तिथून लावले तर भारतात लागत नाहीत, म्हणून गावातल्या एखाद्या रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेचा पूर्ण नंबर, देशाच्या आणि शहराच्या कोडसकट, फोनमध्ये ठेवा. दुसरं म्हणजे वेळ. भारतात सकाळचे आठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कला आदल्या रात्रीचे साडेदहा असतात, लंडनला पहाटेचे साडेतीन. लंडनमधल्या मुलाने सकाळची सूचना पहिल्यांदा स्वतःकडे मागवणं बरोबर नाही. ती जागं असणाऱ्या भारतातल्या बहिणीकडे जाऊ दे. फोन सायलेंटवर असतानाही वाजेल अशी सूचना होम असिस्टंटच्या अ‍ॅपमध्ये ठेवता येते, तेवढी सोय नक्की करा.

पायरी ९: वीज आणि इंटरनेट गेलं तर

सूचना आली नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजणं हा या सगळ्यातला मोठा धोका आहे. हब बंद पडला असेल तरी सूचना येणारच नाही. म्हणून रोज सकाळी एक साधा निरोप येऊ द्या: "आज पहिली हालचाल ६:१०." हा निरोप आला नाही तर यंत्रणा बंद आहे असं समजून फोन करायचा.

घरात इन्व्हर्टर असेल तर राऊटर, फायबरचा डबा आणि हब त्याच्याच लाइनवर घ्या. नसेल तर राऊटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. घेण्याआधी राऊटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघा. रास्पबेरी पायला ५ व्होल्ट लागतात, त्यासाठी वेगळी सोय. केबल तुटण्याचे प्रकार वारंवार होत असतील तर सिमकार्डवर चालणारा राऊटर जोडीला ठेवा. मुख्य स्विचबोर्डवर "हा प्लग काढू नये" अशी चिठ्ठी मोठ्या अक्षरांत चिकटवा. मिक्सर लावायला जागा हवी म्हणून राऊटरचाच प्लग निघतो, हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं.

घरात दुसरं कुणी असेल तर

सेन्सरला माणूस ओळखता येत नाही. कामवाल्या मावशी नऊला आल्या की स्वयंपाकघरात हालचाल दिसणारच, मग आई उठली असो वा नसो. म्हणून सकाळच्या नियमाची वेळ मावशी यायच्या आधीची ठेवा, आणि मावशींनाही सांगून ठेवा की दार कुणी उघडलं नाही तर बेल वाजवून परत जायचं नाही, काकूंना हाक मारायची.

आई-बाबा दोघंही असतील तर दिवसाच्या शांततेचा नियम जवळपास निकामी होतो, कारण एक पडलं तरी दुसऱ्याची हालचाल दिसत राहते. तिथे मोरीचा नियम ठेवा, बटणं दोन-तीन लावा, आणि ज्यांची तब्येत नाजूक आहे त्यांच्या गादीखाली दाब ओळखणारी चटई बसवता येते, ती घ्या. रात्री उठून गेल्यावर अर्ध्या तासात पलंगावर परत आले नाहीत, एवढं तिला कळतं.

पाहुणे आले, गणपतीत घर भरलं, आई आठ दिवस लेकीकडे गेली, अशा वेळी सगळे नियम थांबवणारं "घरी नाही" असं एक बटण त्यांच्याच हाती द्या. ते परत चालू करायची आठवण मात्र यंत्रणेनेच रोज रात्री करावी.

महिन्यांच्या नोंदीतून काय दिसतं

रोजच्या नोंदी रोज चाळू नका. तो छंद लागला की आईशी बोलणं कमी होतं आणि चौकशा वाढतात. महिन्यातून एकदा बघा. रात्री एकदा मोरीला जाणारं माणूस हळूहळू तीन-चारदा जाऊ लागलं तर लघवीचा संसर्ग, वाढलेली साखर, पुरुषांत प्रोस्टेट, कधी हृदयाचा त्रास किंवा नुसती बदललेली गोळी, अशी बरीच कारणं असू शकतात. वावर एकाच खोलीपुरता उरला तर गुडघे दुखत असतील, किंवा मन लागत नसेल. यावरून आपण निदान करायचं नसतं. डॉक्टरांना मात्र "दोन महिन्यांपूर्वी असं होतं, आता असं आहे" हे तारखांसकट सांगता येतं, आणि पाच मिनिटांच्या तपासणीत त्याचा फार उपयोग होतो. आईला विचारताना "काल रात्री चारदा का उठलीस?" असं विचारू नका. "हल्ली झोप कशी लागते?" असं विचारा.

देखभाल

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तासभर काढा. सेन्सरवरची जळमटं आणि धूळ कोरड्या फडक्याने पुसायला सांगा. अ‍ॅपमध्ये बॅटऱ्या बघा आणि वीस टक्क्यांच्या खाली गेलेल्या बदला. जास्तीचे सेल घरातच, ठरलेल्या डबीत, लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. गिळलेला नाणेसेल जिवावर बेततो. बटण एकदा दाबून निरोप खरंच येतो का ते बघा. किल्लीवाल्यांना फोन करून ते गावात आहेत ना, किल्ली त्यांच्याच घरी आहे ना, हे विचारा आणि ते बाहेरगावी जाणार असतील तर तेवढ्या दिवसांसाठी तिसरं माणूस ठरवा. वर्षातून दोनदा, ऋतू बदलताना, पायरी ३ मधली वही पुन्हा काढा आणि नियमांच्या वेळा नव्याने लावा. थंडीत उठायची वेळ तासाभराने पुढे जाते.